थ्री-नॉट-थ्रीची जुनी नळी

माझा स्वभाव बदलून टाकण्याचा आहे. एखादी वस्तू कुरकुरायला लागली की ती दुरुस्त करण्यात मला रस उरत नाही. एका हिवाळ्यात घर तापवणारा फर्नेस खोकल्यासारखा आवाज करायला लागला, मी लगेच नवा बसवून घेतला. टोस्टर, बर्फ उपसायचे शोव्हल, बसायच्या खुर्च्या, सगळ्यांना एकच न्याय. कॅनडातल्या रेजिना शहरात सरकारी ऑफिसात माझं कामही तेच आहे. वरच्या साहेबांसाठी पर्याय अ आणि पर्याय ब लिहायचे आणि शेवटी ब सुचवायचा. ब म्हणजे नेहमी काहीतरी नवीन. बायको म्हणते, "मी आवाज करत नाही म्हणून टिकलेय." हे खरं नाही. ती भरपूर आवाज करते.

आबा, म्हणजे माझे वडील, याच्या बरोबर उलटे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून ते मिसरूड फुटताना फौजेत गेले आणि बहुतेक सगळी नोकरी त्यांनी कोतात काढली. कोत म्हणजे पलटणीचं हत्यारघर. जवानानं रायफल परत आणून दिली की तिच्या नळीत डोळा लावून बघायचं, घाण दिसली तर त्याला तिथूनच माघारी धाडायचं, स्वच्छ असली तर तेल देऊन रॅकवर ठेवायची, हे त्यांचं काम. त्यांच्याकडे लढाईच्या गोष्टी फारशा नाहीत. गंजाच्या मात्र भरपूर आहेत. कुठल्या छावणीत पावसाळ्यात तो कसा धरायचा, घामाचा हात लागला की सकाळी लोखंडावर बोटांचे ठसे कसे उठायचे, हे ते इतक्या तावानं सांगतात की ऐकणाऱ्याला गंज हा सरहद्दीपलीकडचा माणूस वाटावा. आपल्या कोतातली एकही रायफल कधी गंजली नाही, हे मात्र ते बढाई म्हणून सांगत नाहीत. आपलं आडनाव सांगावं तसं सांगतात.

आई-आबा कायमचे इकडे राहायला आले त्या उन्हाळ्यात मी त्यांना शहराबाहेर एका शेतावरच्या लिलावाला घेऊन गेलो. शेतकरी म्हातारा झाला होता, शेत विकून मुलाकडे चालला होता, आणि त्याचा सगळा संसार गवतावर मांडलेला होता. आईनं एक जाड लोखंडी कढई उचलली आणि शेवटपर्यंत काखेतून सोडली नाही. आबा एका टेबलापुढे थांबले ते थांबलेच. टेबलावर थ्री-नॉट-थ्री रायफल होती. लष्करानं वापरून काढून टाकलेल्या या रायफली इथल्या शेतकऱ्यांनी एके काळी हरणांसाठी घेतल्या, आणि खांद्यावर हलक्या व्हाव्यात म्हणून नळीवरचं पुढचं लाकूड करवतीनं कापून टाकलं. हीसुद्धा तशीच अर्धी उघडी होती. आबांनी हात लावायच्या आधी विकणाऱ्याची परवानगी मागितली, बोल्ट, म्हणजे गोळी झाडणारी खिटी, मागं ओढून बाहेर काढला, नळीत बघितलं आणि म्हणाले, "पोटात निरोगी हाय. कापडं तेवढी फाडल्यात बिचारीची." ऑफिसातल्या लोकांच्या नादानं मी बंदुकीचं लायसन्स काढून ठेवलं होतं आणि तोवर त्याचा काडीचा उपयोग केला नव्हता. तो त्या दिवशी झाला.

सुरुवातीची काही वर्षं उन्हाळ्यात आम्ही नेमबाजीच्या रेंजवर जात होतो. लायसन्स माझं, त्यामुळे आबा गोळी झाडायचे तेव्हा मला शेजारी उभं राहावं लागायचं. कोतातल्या हवालदारावर त्याचा पोरगा देखरेख करतोय, याची त्यांना फार मजा वाटायची. घरी आलं की बेसमेंटमध्ये दोरीला चिंधी बांधून ते ती नळीतून आरपार ओढायचे आणि आई जिन्याच्या पायरीवर बसून बघायची. पुढे त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि रेंज सुटली. मग रायफल लॉकरबाहेर यायची ती खंडेनवमीलाच.

खंडेनवमीला गावाकडे कोयता, विळा, कुऱ्हाड पुसून मांडतात. रेजिनात आई कात्री, बर्फाचा शोव्हल, गाडीची किल्ली, माझा स्क्रूड्रायव्हर आणि मधोमध रायफल मांडायची. शोव्हलला हळद-कुंकू वाहिलेलं पाहून मला हसू यायचं, तर ती म्हणायची, "हसू नकोस, हिवाळ्यात त्योच वाचवतोय तुला." मी लॉकर उघडून द्यायचो आणि बाजूला फोन बघत बसायचो. बोल्ट दुसऱ्या पेटीत कुलपात असायचा, म्हणजे काळजी नव्हती. आबा आधी रायफल बंदुकीच्या तेलानं लख्ख पुसून ठेवायचे आणि वर आंघोळीला जायचे. पूजा हे आईचं खातं. त्यात ते लुडबुड करत नसत.

मग आई गेली आणि लॉकर बंद राहिला. आबांनी नवमी केली नाही, मीही विषय काढला नाही. ते वर खिडकीशी बसायचे आणि समोरचा शेजारी बर्फ कसा चुकीच्या बाजूला टाकतोय ते बघायचे. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. दुसरी नवमीही तशीच गेली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आबांना काहीतरी काम द्या. नुसता टीव्ही लावून देऊ नका."

काम म्हणून मी रायफलीला तिची कापडं परत आणायची ठरवली. जुन्या लष्करी साठ्यातलं पूर्ण लांबीचं लाकूड, पट्ट्या आणि स्क्रू मागवले. खोकं आलं तेव्हा बाहेर पापणीचे केस गोठतील अशी थंडी होती. आबांनी खोकं उघडून आधी लाकडाचा वास घेतला आणि मग गुडघ्यांना शिव्या देत, कठडा धरत, ते बेसमेंटमध्ये उतरले. त्या हिवाळ्याचे ते दिवस फार चांगले गेले. जुनं लाकूड नव्या जागी नीट बसत नाही, जिथं अडेल तिथं कानशीनं कणाकणानं घासावं लागतं. आबा घासायचे, मी उजेड धरायचो. "ए जवान, बत्ती इधर," असं ते मला ओरडायचे. मी वयाच्या पन्नाशीनंतर जवान झालो. वर बायको पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि मला डोळ्यांनी खुणवायची, की बघा, बोलतायत.

लाकूड चपखल बसलं तेव्हा नळीत बघायची वेळ आली. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण आबा ते टाळत होते आणि मला ते लक्षातही आलं नाही. त्यांनी एका टोकाला टॉर्च धरायला लावला आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग रायफल माझ्याकडे दिली.

नळीच्या आत पीळदार खाचा असतात, त्या गोळीला फिरकी देतात. चांगल्या नळीत त्या आरशासारख्या चमकत लांबवर जाताना दिसतात. मला दिसलं ते काळं, खडबडीत, तव्याच्या बुडासारखं काहीतरी. चमक कुठेच नव्हती.

"गंज," आबा म्हणाले.

"आबा, बेसमेंट कोरडं असतं आपलं."

"कोरडं म्हंजे? वल हवेत असती. दोन वर्सं म्या हिला हात लावला न्हाई. ती गेली आन म्या हिला सोडून दिली." त्यांनी हात पुसले, टॉर्च बंद केला, आणि जिना चढून वर गेले. दुसऱ्या दिवशी ते खाली आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पुन्हा खिडकी, पुन्हा शेजाऱ्याचा बर्फ.

मला जे समजायचं ते समजलं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक गोष्ट केली, की हत्यार गंजू दिलं नाही, त्याच्या स्वतःच्या घरातली एकुलती एक रायफल त्याच्याच हयगयीनं गंजली होती. त्यावर मी "असू दे हो आबा" म्हणणं म्हणजे त्यांच्या सगळ्या नोकरीला असू दे म्हणणं होतं. तेव्हा मी माझ्या स्वभावाला जागलो. नळी खराब आहे ना, मग नळी बदलू.

शहरापासून तासाभरावरच्या एका गावात बंदुका दुरुस्त करणारा एक गनस्मिथ आहे. त्याच्या तापवलेल्या गॅरेजमध्ये मी रायफल घेऊन गेलो. त्यानं नळीत बारीक कॅमेरा घातला आणि पडद्यावर आम्ही दोघांनी ते काळं मोठं करून पाहिलं. मोठं केल्यावर ते आणखीच वाईट दिसत होतं. जागोजागी पोपडे, गाठी. तो म्हणाला, साफ केल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, पण मी तुझ्या जागी असतो तर वेळ घालवला नसता. त्याच्याकडे याच जातीची एक कोरी नळी ग्रीसमध्ये गुंडाळून पडलेली होती, तीही त्यानं दाखवली. आतून चांदीसारखी. माझा जीव भांड्यात पडला. पर्याय ब समोर तयार होता. आबांना विचारून शनिवारी परत आणून देतो म्हणून सांगितलं आणि घरी आलो.

"आबा, कोरी नळी मिळतेय. अगदी हीच, तशीच."

मला वाटलं होतं आता तासभर वाद होईल. आबांनी माझी एकही सूचना कधी पहिल्या फटक्यात मान्य केलेली नाही. साधं गाडीत हीटर वाढवू का विचारलं तरी ते आधी नाही म्हणतात. पण ते खिडकीकडेच बघत म्हणाले, "बदल."

"आणि जुनी?"

"टाकून दे. आन बदलून आणलीस की तुझ्याकडंच ठेव लॉकरात. मला दावायची गरज न्हाई."

त्या "बदल" शब्दानं मला घाबरवलं. रायफल नवीकोरी होईल आणि आबा तिला कधीच हात लावणार नाहीत, हे मला अगदी स्वच्छ दिसलं. नळी बदलणं म्हणजे त्यांच्या गुन्ह्यावर शिक्का मारणं. आणि न बदलणं म्हणजे तो गुन्हा घरात, लॉकरात, तसाच काळा ठेवणं. ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी दोन्ही पर्याय मनात मांडत राहिलो, दूध घ्यायला आलो होतो हे विसरून. माझ्या ऑफिसात असं होत नाही. शेवटी काय सुचवायचं ते मला कळेना, आणि मला स्वतःचाच राग यायला लागला. नळीची एवढी घाई मला नक्की कुणासाठी होती, हेही धड सांगता येईना.

शनिवारी सकाळी मी बूट घालून रायफल केसमध्ये ठेवत होतो, तेवढ्यात जिन्यावर कठड्याचा आवाज आला. आबा एकेक पायरी उतरत होते.

"असाच चाललास व्हय?"

"हो. का?"

"घाण हत्यार आर्मररकडं जात न्हाई. कोताचा नियम हाय. जाईना का ती नळी भंगारात, पण धुऊन जाईल. पाणी उकळ."

आर्मरर म्हणजे पलटणीतला हत्यारं दुरुस्त करणारा, आणि उकळतं पाणी हा फौजेतला जुना रिवाज. पूर्वीच्या काडतुसांच्या दारूनं नळीत खार बसायचा आणि तो तेलानं जात नसे, म्हणून गोळीबारानंतर नळीतून उकळतं पाणी ओतायचे. मी वाद घातला नाही. वरून किटली आणि स्वयंपाकघरातलं तेल ओतायचं नरसाळं आणलं, लाकूड काढून ठेवलं, आणि कपडे धुवायच्या टबात आम्ही नळी उभी धरली. आबा धरणारे, मी ओतणारा. पहिली किटली रिकामी झाली तेव्हा खालून आलेलं पाणी चहासारखं तांबूस होतं आणि त्यावर तवंग होता. दुसऱ्या किटलीला वास सुटला.

बायको धुण्याची बास्केट घेऊन खाली येत होती. अर्ध्या जिन्यात थांबून तिनं विचारलं, "काय तळताय?"

"नळी धुतोय."

"मग कढईचा वास का येतोय?" ती खाली आली. टबाच्या कडेला पाण्याचे थेंब वाळत होते, त्यांवर तिनं बोट फिरवलं आणि दोन बोटं एकमेकांना चिकटवून आम्हाला दाखवली. "हे बघा. आपल्या एक्झॉस्टच्या जाळीवर बसतं ना, तसलं चिकट आहे. आबा, हे किटण आहे. गंज चिकट नसतो."

"बंदुकीत किटण कुठनं यील?" आबा वैतागून म्हणाले.

जाळी साफ करायला ती जो धुण्याचा सोडा वापरते तो शेल्फवरच होता. तो तिनं गरम पाण्यात घोळला, मला म्हणाली, "ब्रश घाला," आणि मी पितळी ब्रश नळीतून वर-खाली करायला लागलो. काळे पापुद्रे सुटून टबात पडायला लागले, आणि मग पाणी लाल झालं. हळूहळू नाही, एकदम. विटकरी लाल.

आबांच्या हातातून नळी निसटतेय असं मला वाटलं, म्हणून मी ती पकडली. "बघितलंस?" ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "सोड आता. ने तिला."

मीही तेच म्हणणार होतो. पण बायको वाकून त्या पाण्याकडे बघत होती, आणि मग ती वर निघून गेली. मला वाटलं, तिलाही बघवेना. ती खाली आली तेव्हा तिच्या हातात फ्रिजमधलं अर्धं लिंबू होतं. तिनं एका वाटीत ते लाल पाणी घेतलं आणि त्यात लिंबू पिळलं.

पाणी पिवळं झालं. क्षणात, हळदीसारखं पिवळं.

"हळद आहे," ती म्हणाली. "हळदीच्या डागाला साबण लावला की लाल होतो की नाही? तसं सोड्यानं लाल झालं. गंज असता तर असा फुर्रकन पिवळा झाला नसता, आबा. हळद आणि तेल आहे हे. नळीभर."

डोळ्यासमोर मला आईची वाटी दिसली. नवमीला आईच्या ताटात एक छोटी स्टीलची वाटी असायची, करडईचं तेल आणि त्यात चिमूटभर हळद. तिचा त्या मिश्रणावर भारी विश्वास. खरचटलं, लाव. टाच फुटली, लाव. आम्ही हे घर घेतलं तेव्हा तिनं उंबरठ्यालाही लावलं होतं, आणि उंबरठा अॅल्युमिनियमचा आहे. वाटीशेजारी जुन्या साडीची पट्टी आणि एक दोरी ठेवलेली असायची. ती मी दरवर्षी पाहिली होती, आणि दरवर्षी मला ती पूजेचंच काहीतरी वाटली होती. पायरीवर बसून बघून बघून ती आबांसारखं चिंधी ओढायला शिकली होती. आबा वर आंघोळीला गेले की ती आपल्या पद्धतीनं रायफलीच्या पोटात तेल घालायची, आणि मी दोन हातांवर फोनमध्ये तोंड घालून बसलेला असायचो. स्वयंपाकाचं ते तेल हवेनं घट्ट होतं, बाटलीच्या झाकणाभोवती होतं तसं, आणि एकावर एक थर चढून वाळून काळं पडतं. आबा नवमीआधी पुसायचे ते बाहेरून. गोळी झाडली नव्हती, मग नळीत बघायचं कारणच पडलं नव्हतं.

"करडईचं," आबा शेवटी म्हणाले. "करडईचं घातलंय बाईनं." मग, "कोतात असती तर डांबून ठेवली असती म्या तिला." आणि त्यानंतर त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "म्हंजे गंज न्हाई?"

"नाही, आबा."

"म्हंजे माझ्यामुळं न्हाई."

"नाही हो."

आबा कपड्यांच्या बास्केटवर बसले, तीत स्वच्छ टॉवेल होते तरी, आणि हसायला लागले. खांदे हलवत, खोकत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. डोळे पुसले ते ज्या फडक्यानं नळी पुसत होते त्यानंच, आणि गालावर काळा पट्टा उठला. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच, ब्रश हातात घेऊन, बायकोला मिठी मारली. ती म्हणाली, "ब्लाउज खराब होईल, सोडा," पण तिनंही सोडलं नाही.

गनस्मिथला मी बेसमेंटमधूनच फोन केला की आज येत नाही. पुढचे काही दिवस सोडा, गरम पाणी, ब्रश, बंदुकीचं सॉल्व्हंट आणि पुन्हा सोडा असं चालू राहिलं. दर वेळी चिंधी बाहेर आली की आबा ती उजेडात धरून बघायचे, "अजून हाय तिचं," म्हणायचे आणि दुसरी चिंधी बांधायचे. मला ते काम लवकर संपावं असं वाटत नव्हतं, आणि मला वाटतं त्यांनाही नव्हतं. एका दुपारी चिंधी पांढरी निघाली. आबांनी नळीला डोळा लावला आणि बाजूला होऊन मला जागा दिली. आत खाचा लांबवर चमकत गेल्या होत्या. किटणाच्या थराखाली हवाच पोचली नव्हती. दोन वर्षं कुणी हात न लावलेल्या त्या नळीची राखण आईच्या तेलानं केली होती.

तरी खात्री म्हणून मी ती गनस्मिथकडे नेली, या वेळी आबांना घेऊन. त्यानं कॅमेरा घातला आणि पडद्याकडे बघत तोंडातल्या तोंडात शिट्टी वाजवली. पुढच्या टोकाला थोडे बारीक खड्डे आहेत, ते फार जुने आहेत, म्हणाला. नळी बदलण्याची अजिबात गरज नाही. मग त्यानं विचारलं की आत होतं तरी काय. "टर्मरिक," मी म्हणालो. त्यानं मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. आबांनी त्याला मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "माय वाइफ. व्हेरी स्ट्रिक्ट." का कोण जाणे, पण त्यानं टोपी काढली.

बर्फ गेल्यावर आम्ही रेंजवर गेलो. इथल्या सपाट प्रेअरीचा वारा नेहमीसारखा अंगावर धावून येत होता. आबांना टेबलाशी बसवलं, धक्का लागू नये म्हणून खांद्याशी बायकोची उशी दिली आणि मी नियमाप्रमाणे शेजारी उभा राहिलो. पहिल्या गोळीआधी त्यांनी दोनदा नेम धरून पुन्हा खाली घेतला. मला वाटलं, नको, कशाला. पण गोळी सुटली, मग पुढची, आणि नंतर आम्ही कागद जवळ जाऊन पाहिला तर सगळी भोकं एका भाकरीच्या जागेत होती. मध्यावर नव्हती, जरा डावीकडे होती. "नळीचा दोष न्हाई," आबा म्हणाले. "माझा हाय. आन तेवढा मला चालतोय."

खंडेनवमी आली तेव्हा बायकोनं पाट मांडला. शोव्हल, कात्री, किल्ली, आणि मधे रायफल, आता पूर्ण लाकडातली. नळी आबांनी आधीच बंदुकीच्या तेलानं पुसून ठेवली होती. पण या वेळी ते आंघोळीला गेले नाहीत, तिथंच स्टुलावर बसून राहिले, आणि मीही फोन वर ठेवून आलो होतो. बायकोनं आईच्या पद्धतीनं वाटीत करडईचं तेल आणि हळद घेतली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती वाटी बाजूला सारायला लागली.

"आण हिकडं," आबा म्हणाले.

त्यांनी तेलात चिंधी बुडवली आणि रायफलीच्या दस्त्यावर, लाकडावर, ती सावकाश फिरवायला लागले. कोरडं लाकूड तेल पीत गेलं आणि गडद होत गेलं. मी विचारलं, "आबा, हे चालतं?"

"लाकडाला असलंच तेल लागतं. घट्ट व्हनारं," ते मान वर न करता म्हणाले. "तिचं तेल बरूबर हुतं. जागा तेवढी कुनी दावली न्हाई तिला."

मग त्यांनी चिंधी माझ्या हातात दिली आणि उरलेली बाजू मला करायला सांगितली.